पाव टाकी

हैमाच्या पंपामागे आमचं गॅरेज.
वर मस्कत, खाली सलाला,
दोन्हीकडे पाचशे-पाचशे किलोमीटर सपाट,
मध्ये मी, हातात पाना.

जुलै लागला की चाकांवरची घरं येतात,
कुवेतहून, दम्मामहून, सलाल्याचं धुकं बघायला.
मी त्यांना पोटावरून ओळखतो.
व्हॅनमध्ये बसवलेलं घर: नव्वद लिटर.
जर्मन नवरा-बायको, प्रत्येक पंपाला थांबणार,
पावती घडी करून डायरीत ठेवणार.
ट्रकच्या नाकाचं, डोक्यावर माळा असलेलं: दोनशे.
त्यात पाच मुलं आणि एक पोपट.
आणि ते बसएवढं,
भिंत बाहेर सरकवून दिवाणखाना करणारं:
साडेचारशे.
ते भरायला लावून परकार चहा पिऊन येतो,
आकडे पळतच असतात.

पण कागदावरची टाकी खरी नसते.
वर चार बोटं हवा सोडावी लागते, उन्हात डिझेल फुगतं.
तळाला गाळ.
काटा तर तोंडपुजा,
अर्ध्यापर्यंत रेंगाळतो, मग उतारावर सुटतो.

त्या रात्री दीडला शटर वाजलं.
बद्रिया नावाची बाई, कुवेतची, साठीची,
ते साडेचारशेचं धूड स्वतः चालवत आलेली.
जनरेटर बंद. एसी बंद.
फ्रिजमध्ये हमूर वितळतोय, नातवंडं घामाघूम.
पंप संध्याकाळीच कोरडा पडलेला, टँकर पहाटे येणार.
मी खाली सरपटलो, टॉर्च दातात.
बिघडलं काहीच नव्हतं.
टाकी पावावर आली होती, एवढंच.

सांगितलं तिला, मोडक्या अरबीत:
आत दोन नळ्या असतात.
इंजिनाची तळापर्यंत जाते.
जनरेटरची आखूड, मुद्दाम.
गारव्याला, दिव्यांना, बर्फाला तीन हिस्से.
उरलेला पाव पोचण्यासाठी.

"मग लांब कर ती नळी. पैसे बोल."

एकदा केली होती.
दहा रियाल घेतले होते, जोडपं नवंनवं लग्नाचं.
कितबितच्या अलीकडे रात्रभर गारव्यात झोपले,
सकाळी इंजिनाला घोटभर नव्हतं.
नऊ तासांनी सापडले. जिवंत होते.
मुलगी माझ्याकडे बघत नव्हती.

हे अरबीत जमेना. मी म्हटलं,
आमच्या देवरुखला आई म्हैस पिळायची,
तीन सड घराला,
चौथ्याला हात लावायची नाही, तो रेडकाचा.
म्हशीला शब्द आठवेना, रेकून दाखवलं.
ती इतकी हसली की नातवंडं बाहेर आली.
म्हणाली, आमची आजी उंटिणीचे दोन सड दोरीनं बांधायची.
दोन!
मग छतावर चटया टाकून झोपली सगळी, वाऱ्यावर.

पहाटे परकारनं तीनशे अडतीस लिटर भरले.
जाताना ती हमूर देऊन गेली,
अर्धा वितळलेला, वर्तमानपत्रात.

खोलीवर आलो तर फोनमध्ये निरोप.
भावाचा: वरच्या मजल्याच्या फरशीला अजून साठ हजार.
मेहुण्याचा. पतपेढीचा.
खातं उघडलं, तळ लख्ख दिसत होता.
बावीस वर्षांत परतीच्या तिकिटाएवढंही
कधी साचू दिलं नाही.
सगळ्या नळ्या तळाला टेकलेल्या,
बसवल्या मीच, एकेक करून, याच पान्यानं.

हमूर कापला. चार तुकड्या निघाल्या.
तीन तव्यावर टाकल्या.
परकार म्हणाला, चौथीही टाक रे,
एकदा वितळलेला मासा ठेवत नाहीत.

माहीत होतं मला.